कागद नीट धरा, साहेब

परवा धुळ्याच्या पानावर एक फोटो आला. मधोमध खुर्चीतून अर्धवट उठलेले साहेब, डावीकडं सहा कार्यकर्ते, उजवीकडं पाच, आणि साहेब नि संघटनेचे अध्यक्ष या दोघांच्या चिमटीत एक कागद. खालची ओळ नेहमीचीच: 'विद्यार्थ्यांच्या विविध मागण्यांचे निवेदन देताना पदाधिकारी.' मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कागद कोरा होता.

चौकशी केली. निवेदन झेरॉक्सवाल्याकडं राहिलं होतं, साहेबांना बैठकीला निघायचं होतं, म्हणून कार्यालयानंच एक कोरा कागद काढून दिला. खान्देशात विद्यार्थ्याला कॉलेजकडून मागितल्याक्षणी काही मिळाल्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण.

आता कोणी म्हणेल, कोरा कागद ही थट्टा झाली. मला तसं वाटत नाही. लिहिलेल्या कागदानं असं काय वेगळं होत होतं? निवेदनाचं तोंड नेहमी कॅमेऱ्याकडं असतं. ज्यानं लिहिलं त्याला ते दिसत नाही, ज्यानं वाचायचं त्यालाही दिसत नाही. वाचायची सोय फक्त फोटोवाल्याची, आणि त्याला पुढं अजून दोन निवेदनं असतात. आत मजकूर असा की, 'सात दिवसांत मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.' ज्याला ही धमकी दिली तो हसतोय, आणि देणारा म्हणतोय, 'सर, कागद जरा वर धरा, चेहरा झाकला जातोय.' आठव्या दिवशी आंदोलन होत नाही, कारण आठव्या दिवशी दुसऱ्या संघटनेच्या निवेदनाची वेळ ठरलेली असते. चोपडा घ्या, पारोळा घ्या, साक्री घ्या. गळ्यातल्या रुमालाचा रंग बदलतो, मागण्या त्याच, टेबलावरची काच तीच, काचेखालचा देवही तोच. मग आवक विभागात 'पोच' म्हणून शिक्का बसतो. शिक्का बसला की पोरं अशी बाहेर पडतात, जणू निकालच लागला. आणि तो कागद? तो फाइलला लागतो, फाइल कपाटाला लागते, आणि कपाटाची किल्ली ज्या शिपायाकडं तो नेमका रजेवर असतो.

नियमांची टंचाई मुळीच नाही. यूजीसीच्या 2023 च्या नियमावलीप्रमाणं तक्रार निवारण समिती हवी, तिनं कामाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तिच्यावर पुन्हा लोकपाल. पण समितीपुढं तक्रार मांडताना फोटो निघत नाही. मग जायचं कशाला?

खरं दुखणं मात्र निराळं आहे, आणि ते सांगताना माझं हसू आटतं. 1989 साली मताचं वय 21 वरून 18 वर आलं. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातली थेट निवडणूक गेली. मागच्या परीक्षेत पहिला आलेला पोरगा आपोआप वर्गाचा प्रतिनिधी झाला. ज्यानं जन्मात एटीकेटी पाहिली नाही, त्यानं एटीकेटीवाल्यांचं गाऱ्हाणं मांडायचं! का, तर निवडणुकीत हाणामाऱ्या होतात. होत होत्या, नाही कशाला म्हणू? पण ग्रामपंचायतीला काय हळदीकुंकू चालतं? तिची निवडणूक कोणी बंद केली? 2016 च्या कायद्यातल्या कलम 99 नं कागदावर निवडणूक परत दिली. 2019 साली तारखाही लागल्या. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली नि कॉलेजची पुढं ढकलली गेली. म्हणजे ज्या पोरांनी त्या ऑक्टोबरात आमदार निवडला, त्यांनाच वर्गाचा प्रतिनिधी निवडू द्यायला मात्र परिस्थिती अनुकूल नव्हती! मत काढून घेतलं आणि हातात निवेदन दिलं. निवडून आलेल्या पोराला उत्तर द्यावं लागतं. निवेदन घेऊन आलेल्या पोराला चहा पाजला की भागतं. त्या चहावर आमच्या दोन पिढ्या निघाल्या.

त्या फोटोकडं मी पुन्हा वळलो. अकरा कार्यकर्ते मोजले. त्यांतल्या एकाचाही निकाल राखीव नव्हता. जिचा होता ती पोरगी साक्रीकडच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून आली होती. ती फोटोत कुठंच नाही. अध्यक्षांनी आपला मोबाइल तिच्याच हातात दिला होता, 'ताई, एक आडवा काढ, एक उभा काढ' म्हणून.

संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "काय व्हयनं वं?"

"काही नही व्हयनं," पोरगी म्हणाली. "फोटो मात्र मस्त उना."