मुळ्याचा मुहूर्त

तेलगावच्या चौकात बीडची गाडी चुकू शकते, बप्पा चुकत नाहीत. हॉटेलच्या कडेला, जिकडं ग्लास विसळून पाणी मागं फेकतात, त्या अंगाच्या बाकड्यावर त्यांची बैठक. धोतर, पांढरी टोपी आणि बंडीच्या खिशात मुळ्याच्या बियाची पुडी. पुडी कोणत्या सालातली, हे विचारायचं नसतं.

मी एकदा भलतंच विचारून बसलो, "बप्पा, गाजर कव्हा टाकावं?"

झालं. बप्पांनी हिशोब उलटा मांडला. "गाजर कशाला पाहिजे? भोगीला. भोगी कव्हा? 13 जानेवारीच्या आगंमागं. गाजराला धर 90 दिवस. आता मोज मागं." मी बोटं मोजतोय तोवर त्यांनी बशीतला चहा संपवून 15 ऑक्टोबर काढला होता. "चित्रा नक्षत्र! त्याच्या आधी टाकशील तर उन्हानं गाजर फिकट अन् बुटकं. रंग भरायला थंडी लागती लेका, 15 ते 20 डिग्री. उशीर करशील तर भोगीच्या भाजीत करंगळीएवढी मुळी."

माणूस चुकीचं बोलत नाही, हीच खरी पंचाईत आहे. गाजराचं बी तळव्यांत चोळून त्याची लव काढावी, मग राखेत कालवून टाकावं. बीटाचा एक दाणा म्हणजे दोन-चार बियांचा झुबका. तो रात्रभर भिजवावा. आपल्या काळ्या रानात गाजर ढेकळाला धडकलं की त्याला दोन तंगड्या फुटतात, म्हणून माती भुसभुशीत करून वरंब्यावर लावावं, आणि कच्चं शेणखत तर अजिबात घालू नये. हे सगळं मी त्यांच्याकडूनच ऐकलं, केलं आणि गाजरं खाल्ली. बप्पांच्या मळ्यात मात्र कैक वर्षं लव्हाळा आहे. तो कुणाला न विचारता येतो.

कारण दुसऱ्याची पेरणी बप्पा एका बशीत उरकतात, स्वतःची आली की नक्षत्रं आडवी येतात. गेल्या साली हस्तात म्हणाले, "हत्तीचा पाऊस हाय, वाफसा येऊ दे." वाफसा आला तोवर चित्रा लागलं. "चित्राचं ऊन लई वंगाळ. स्वाती बघू." (हेच चित्रा त्यांनी मला पेढ्यासारखं वाटून दिलं होतं!) स्वातीत कारखान्याच्या हंगामाची गडबड, "आता गडी कुठून घावायचा?" आणि विशाखा लागलं तसे ते मुळा-गाजर सोडून थेट रताळ्यावर गेले. "शिवरात्रीला रताळी लागत्यात. पण वेल आता लावला तर चार महिन्यांनी येणार. शिवरात्र काय आपल्यासाठी थांबतीय?"

दर नक्षत्राला पुडी मात्र बाहेर निघायची. तांबूस दाणे तळहातावर ओतायचे, एक दाताखाली फोडायचा, समोरच्याला "बघ, कसा भरलाय" म्हणून दाखवायचं, उरलेले परत पुडीत. वय झालंय, हात कापतो.

नोव्हेंबरच्या मध्याला हॉटेलवाल्यानं झाडायला बाकडं सरकवलं, तर मागं मोरीच्या ओलीला मुळ्यांची गर्दी! हिरवागार पाला, मातीतून वर आलेले पांढरे खांदे. बाकड्याच्या पायाशी तर एक मनगटाएवढा झालेला. सगळं हॉटेल बप्पांकडं बघायला लागलं.

बप्पांनी चष्मा सावरला. वाकून तो जाडा मुळा उपटला, धोतराला पुसला, टोकाकडून चावून बघितला.

"कुणी टाकलाय रे ह्यो?" ते म्हणाले. "लई दाट झालाय. विरळणी केलीच न्हाई. आधी मला विचारायचं का न्हाई?"

आणि हॉटेलवाल्याला मीठ आणायला सांगितलं.