ओल्ड मॅनच्या अंगात माझा झब्बा

पर्यावरण वाचवायला माझी कधीच ना नसते. माझी अट एकच: वाचवताना मला कुणीतरी पाहायला हवं. म्हणून यंदाचा नाताळ आणि नवं वर्ष आमच्याकडे पर्यावरणस्नेही पद्धतीनं साजरं होणार, हे मी आधी वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर केलं आणि मग बायकोला सांगितलं. आमच्या डिचोलीनं डोंगरच्या डोंगर ट्रकांत बसून जाताना पाहिले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातले 88 खाणपट्टे थांबवले, तेव्हा कुठे लाल धूळ जरा खाली बसली. त्याच डिचोलीत मी बांबूच्या कामट्या आणि खळीची वाटी घेऊन पृथ्वी वाचवायला बसलो.

करायचं होतं नक्षत्र, म्हणजे दारात टांगायचा चांदणीचा कंदील. हिंदूच्या दारात नाताळचं नक्षत्र कसं, असं गोव्यात कुणी विचारत नाही. दिवाळीचा कंदील उतरवायचा आळस आम्ही जानेवारीपर्यंत निष्ठेनं पाळतो. मध्ये नाताळ येतो आणि त्या आळसाचा सर्वधर्मसमभाव होतो. खरं तर दिवाळीचा कंदील चांगला पेटत होता. पण तो प्लास्टिकचा, ग्रुपवर कसा दाखवणार? तेव्हा तो टाकून दिला आणि पर्यावरणासाठी नवा केला. थर्मोकोलही यंदा आणायचा नाही, असं मी गंभीर आवाजात म्हणालो. त्यावर लेकीनं सांगितलं, "बाबा, सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. याला त्याग नाही म्हणत, कायदा पाळणं म्हणतात."

नाताळच्या संध्याकाळी दहा-बारा माणसं जेवायला. कागदी बशा नकोत, पत्रावळी हव्यात, हे मी ठरवलं. पानं बायकोनं आणली, पुसली, टाचली. पाण्याच्या बाटल्या नकोत, तांबे-पेले हवेत, हेही मीच ठरवलं. ते माळ्यावरून काढून चिंचेनं घासले कुणी, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. शेजारीणबाईंनी नेवऱ्या, दोदोल आणि बिबिंक यांचं ताट पाठवलं, नेहमीसारखं विणलेल्या रुमालाखाली झाकून. त्यांच्या नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात गवतासाठी दरवर्षी करवंट्यांत नाचणी पेरलेली असते. नाताळ संपला की तिचे कोंब कोंबड्यांना. याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नाही. मी सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "तें आसूं दी, दोदोल खा."

आता ओल्ड मॅनबद्दल सांगायलाच हवं. विषय जरा बाजूला जाईल, पण जाऊ दे.

गोव्याला वर्षाच्या शेवटी दोघांना जाळावं लागतं. पहिला नरकासुर. त्याचा थाट मोठा. त्याच्यासाठी मंडळं, वर्गण्या, स्पर्धा, बक्षिसं. पोरं रात्ररात्र जागून त्याचे दात रंगवतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला जाळतात. दुसरा ओल्ड मॅन, सरत्या वर्षाचा म्हातारा. हा गरीब. फाटक्या पँटीत गवत कोंबून पोरं त्याला एका दुपारात तयार करतात, मोडक्या खुर्चीत बसवून तिठ्यावर ठेवतात, रस्त्याला आडवी दोरी धरून त्याच्या नावानं पैसे मागतात आणि रात्री बाराला जाळतात. नरकासुराचा निदान गुन्हा सिद्ध झालेला असतो. सोळा सहस्र स्त्रिया कोंडणं म्हणजे चेष्टा नव्हे. ओल्ड मॅननं काय केलं? तो बारा महिने जगला, एवढंच. पूर्वी हा अन्याय माझ्या लक्षात येत नसे. साठीजवळ आल्यापासून येतो. शिवाय नरकासुराच्या शेजारी निदान कृष्ण तरी उभा असतो. ओल्ड मॅनला मारणारा नवा पोरगा अजून जन्मलेलासुद्धा नसतो. आणि जाळायच्या आधी म्हाताऱ्याला दिवसभर स्वतःच्याच जाळण्याची वर्गणी गोळा करायला बसवायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो पुढे नक्की राजकारणात गेला असणार.

तर हल्ली ओल्ड मॅनच्या पोटात गवताबरोबर प्लास्टिकच्या बाटल्या, टायरचे तुकडे आणि फटाके जातात. मी पोरांना तिठ्यावर उभं करून समजावलं: आत गवतच भरा, अंगावर जुने सुती कपडेच घाला, नायलॉन नको. पोरांनी इतकं मन लावून ऐकलं की मला भरून आलं. संध्याकाळी तीच पोरं आमच्या घरी जुने सुती कपडे मागायला आली आणि बायकोनं माझा खादीचा झब्बा दिला. भाषणाचा झब्बा. पोरांनी वर कोळशानं चष्माही काढला. रात्री मी तिठ्यावर गेलो, तर मी आधीच तिथे बसलो होतो. स्कूटरवरून जाणारे वेग कमी करून हसत होते. एका गृहस्थानं त्याला हात केला. मला तो कधी करत नाही. बारा वाजता पेटवलं. कापड शुद्ध सुती असल्यामुळे मी फारसा धूर न करता जळलो.

त्याच वेळी किनाऱ्यांच्या बाजूनं आभाळ फुटायला लागलं. एरवी रात्री दहानंतर मोठ्या आवाजाला मनाई असते, पण 31 डिसेंबरला घड्याळं बहुधा दहावर थांबत असावीत. बायकोचं माहेर त्याच किनाऱ्यांच्या बाजूला, पेडण्यात, मोरजीजवळ. तिथे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंधारात वर येतात, वाळूत शंभरेक अंडी पुरतात आणि परत जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, तीही बहुतेक रात्रीच. त्यांना दिशा कुणी शिकवलेली नसते. जिकडे उजेड जास्त तिकडे समुद्र, एवढंच त्यांना उपजत कळतं. लाखो वर्षं ते खरं होतं. आता जास्त उजेड किनाऱ्यावरच्या हॉटेलांत असतो आणि पिल्लं पाठ फिरवून तिकडे चालायला लागतात. वनखात्याची माणसं घरट्यांवर राखण करतात, पण उजेडाला कुंपण घालता येत नाही. कासवाला आपल्याकडून नक्षत्र नको, पत्रावळ नको, भाषण तर नकोच. त्याला हवा आहे थोडा अंधार. आपल्याला द्यायला तोच सर्वांत जड जातो, कारण अंधारात आपण कुणाला दिसत नाही.

जानेवारीत, पौषात, आम्ही पेडण्याला गेलो. तिथे धालो, म्हणजे बायकांचं रात्रीचं नाचगाणं, सुरू होते. मी फोन चार्ज करून निघालो. शून्य कचऱ्याचा उत्सव, वर लोककला! सासूबाईंनी मला अंगणातच अडवलं. "जांवयबापू, मांडार दादल्यांनी येवंक नाय." आणि बायकोला घेऊन त्या चांदण्यात निघून गेल्या.

म्हणून पुढचं सगळं ऐकीव. शेणानं सारवलेला मांड, म्हणजे धालोची जागा. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेत हात. धरतरीला हाक, वनदेवतेला हाक, वाकत-डुलत गाणी, मग फुगड्या. पाच, सात किंवा नऊ रात्री. मंडप नाही, माईक नाही, बॅनर नाही. सकाळी झाडायचं म्हटलं तरी कचरा नाही. आणि मला सर्वांत खुपलं ते हे की प्रेक्षकही नाहीत. दिवसभर राबलेल्या बायका रात्री जमतात, त्या फक्त एकमेकींसाठी. तिथे कुणाला वाढायचं नसतं. माझ्या हरित नाताळात कचरा अर्ध्यावर आला आणि बायकोची भांडी दुपटीवर गेली, हा हिशेब मला त्या अंगणात एकट्यानं बसल्यावर जमला. असल्या सणांच्या जमाखर्चात ही ओळ सहसा कुणी लिहीत नाही. लिहिणारे बहुतेक माझ्यासारखे.

शेवटच्या रात्री मांडावर सोंगं काढतात. बायको पहाटे परतली ती घसा बसलेला आणि हसून डोळे ओले झालेले. खूप आढेवेढे घेऊन तिनं सांगितलं: कुणीतरी धोतर नेसून, हातात मोबाईल धरून, पत्रावळींवर भाषण ठोकणाऱ्या जावयाचं सोंग काढलं होतं.

"लोकांनी ओळखलं?" मी विचारलं. आवाजातली उत्सुकता मला लपवता आली नाही.

"लगेच. पण खरा हशा शेवटी आला. भाषण संपल्यावर तो जावई उठतो आणि भांडी घासायला बसतो."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "तेवढंच एक त्यांनी मनाचं घातलं होतं."