अदमासे आठ फूट

साक्रीत अंतर विचारण्यात अर्थ नसतो. कान नदी किती लांब? 'आठेच शे', म्हणजे इथेच आहे. कोंडाईबारीचा घाट? 'हाई काय, आठेच.' बळसाण्याची जुनी देवळं तालुक्याच्या पार दुसऱ्या कडेला, तर तीही आठेच. स्टँडवर धुळ्याची गाडी कधी येणार असं विचारलं तर 'ई ऱ्हायनी' एवढं कळतं. ती दहिवेलला पोचली आहे की अजून सुरतेतच चहा पिते आहे, हा तपशील सांगणाऱ्याच्या लेखी किरकोळ असतो.

पण हीच माणसं हाताच्या टप्प्यातलं काही सांगू लागली की सुतालाही चुकत नाहीत. शिंपी नुसता मानेकडे बघून कॉलरचं माप लिहून मोकळा होतो. टेप गळ्यात असतो, तो शोभेला. आमच्याकडे बांधकामाला येणारे गवंडी नाना भिंतीकडे एक डोळा बारीक करून बघतात आणि 'मधी दोन सूत पोट काढेल शे' म्हणतात. दोरी लावली की दोन सूतच निघतं. जवळचं सगळं सुतात, त्यापुढचं सगळं अनंत, असा इथला हिशेब.

हाच हिशेब आकड्यांनिशी कोरलेला मला एका जर्मन कॅमेऱ्यावर सापडला. आग्फाच्या म्युनिकच्या कारखान्यातला, १९५० च्या दशकातला, घडी घालून खिशात टाकायचा इझोलेट. त्याच्या भिंगाभोवतीच्या कड्यावर फुटांचे आकडे आहेत. ४, ५, ६, ८, १० असे जवळचे आकडे फुटा-दोन फुटांच्या फरकाने, पुढे मोठ्या उड्या मारत गेलेले, आणि तिसा-पन्नासानंतर आकडेच संपून एक आडवा आठ. म्हणजे नदी, घाट, सुरत आणि चंद्र या सगळ्यांना एकच खूण. म्युनिकचे इंजिनियर आमच्या स्टँडवर कधी बसले असतील असं वाटत नाही, पण निष्कर्ष तोच.

कॅमेरा घेतला मुंबईत, चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर. विकणाऱ्याने एक बटण दाबलं, झाकण फटकन खाली आलं, त्याबरोबर भिंग पुढे सरकलं आणि मागे काळा भाता उलगडला. ही एवढी करामत बघून माणूस अर्धा गार होतो, हे त्याला पुरेपूर ठाऊक असावं. 'एकदम चालू आहे साहेब.' काय चालू आहे ते त्याने सांगितलं नाही, मीही खोलात शिरलो नाही. उघडझाप चालू होती. किंमत त्याने अंदाजे सांगितली, मी अंदाजे निम्मी केली, आणि दोघांनाही आपण फसलो नाही असं वाटेल अशा ठिकाणी येऊन थांबलो.

घडीचा कॅमेरा का, याचं उत्तर सरळ आहे. त्यात १२० नंबरचा रोल लागतो. कोडॅकने तो १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला आणि गंमत म्हणजे तो अजून मिळतो. त्यानंतर कितीतरी रोल येऊन गेले. सहा सेंटिमीटर रुंद फिल्म, तिच्या पाठीला कागद, कागदावर आकडे. इझोलेटमध्ये त्यावर बारा चौकोनी फोटो येतात. एकेक चौकोन पुढे आलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या फ्रेमच्या साडेतीन पट. एवढ्या मोठ्या निगेटिव्हला भिंगही फिल्मपासून लांब हवं, म्हणजे पेटीच मोठी झाली. भात्याने ती पेटी चपटी केली आणि मोठी निगेटिव्ह कोटाच्या खिशात आणली. आपल्याकडे १२० चा रोल घरोघर पोचवला तो मात्र वडोदऱ्याच्या कारखान्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने. त्यात घडी नाही, भाता नाही. सहलीचे, मुंजीचे आणि वेरूळला हत्तीशेजारी उभं राहून काढलेले आपल्या आईवडिलांचे कितीतरी चौकोनी फोटो त्याचेच. नंतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोलही आला. आता साक्रीत १२० मागितला तर दुकानदार तंबाखूच्या फळीकडे हात नेतो. रोल कुरियरने येतो, हजाराच्या घरात पडतो, त्यामुळे बारांतल्या प्रत्येक फोटोला पाऊणशे-ऐंशी रुपयांचं वजन आलेलं असतं.

आणल्यावर लक्षात आलं की भिंगाचं कडं फिरतच नाही. इतक्या वर्षांत आतलं ग्रीस हिरवं पडून थिजलं होतं. मी तो घड्याळजींकडे नेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावून शटरच्या पोटात डोकावलं, एक सेकंदाचा वेग लावून खटका दाबला, आतून बारीक 'खर्रर्र' आवाज आला, आणि त्यांचा चेहरा उजळला. 'हे तर आपलंच आहे,' म्हणाले. खरंच होतं ते. अशा शटरचे मंद वेग एक छोटी दात्यांची साखळी सांभाळते, घड्याळातल्यासारखीच. लायटरच्या पेट्रोलचे थेंब सोडून, पुसून, परत सोडून त्यांनी कडं मोकळं केलं. पैसे घेताना 'बॅटरीचं काही नाही ना यात?' हे दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि 'मग टिकेल' असा शेरा मारला.

भात्याची परीक्षा घरी. रात्री दिवे घालवायचे, मागचं झाकण उघडून आत टॉर्च लावायचा आणि बाहेरून बघायचं. भात्याचे कोपरे घडी घालून घालून झिजतात आणि तिथे बारीक छिद्रं पडतात. आमच्या भात्याने काळोखात छोटंसं आकाश दाखवलं. भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ म्हणाले, भाता म्हणजे भाता, आणा इकडे. त्यांनी लावलेलं ठिगळ पेटीच्या हिशेबाने उत्तम होतं, फक्त नंतर कॅमेरा मिटेना. शेवटी ठिगळ काढून दिव्यावर धरलेली काजळी, फेव्हिकॉल आणि ग्लिसरीनचा थेंब असं काळं मिश्रण कोपऱ्यांना चोळलं. ग्लिसरीन अशासाठी की वाळल्यावर थर तडकू नये. घरातल्यांना काही दिवस वाटत होतं की मी कुणासाठी तरी काजळ करतोय.

आता वापर. या कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, उजेड कळत नाही, रोल कुठवर आला हेही त्याला स्वतःला माहीत नसतं. मागच्या तांबड्या खिडकीतून कागदावरचा आकडा बघत आपणच तो सरकवायचा. ही खिडकी तांबडी का, तर पूर्वीच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. आताच्या फिल्मला सगळं दिसतं, म्हणून आपल्याच सावलीत धरून आकडा बघायचा आणि लगेच खिडकी लावायची. आणखी एक पथ्य: आधी कॅमेरा उघडायचा, मग रोल पुढे घ्यायचा. उलट केलं तर भाता उलगडताना हवा ओढून घेतो आणि ताणलेली फिल्म जागची हलवतो.

उजेडाचा अंदाज साक्रीत करावा लागत नाही, ही मोठी सोय. नियम असा: लख्ख ऊन असेल तर भिंगाचं छिद्र १६ वर ठेवायचं आणि रोलचा जो आकडा, तेवढ्यावा सेकंदाचा भाग. शंभरचा रोल, सेकंदाचा शंभरावा भाग. ढगाळ असेल तर छिद्र मोठं करत जायचं. आमच्याकडे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हा नियम दगडावर कोरून ठेवला तरी चालेल. ज्या उन्हावर आमच्या तालुक्यातल्या शिवाजीनगरचा सौर प्रकल्प चालतो, त्याच्यावर माझा एक फोटो निघायला हरकत नसावी.

राहिलं अंतर. इथे नाना कामी आले. माझ्या कंपाउंडची भिंत बांधून झाली होती, म्हटलं तिच्यापुढे उभे राहा, तुमचा फोटो काढतो. नानांनी थापी खाली ठेवली, हातपाय धुतले, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं, टोपी झटकून नीट केली आणि सावधानमध्ये उभे राहिले. मोबाइलपुढे यातलं ते काहीही करत नाहीत, चालता चालता हात हलवतात. मी डोळ्यांनी अंदाज घेतला, कडं आठावर लावलं आणि स्वतःशीच पुटपुटलो, आठ फूट. तसेच ताठ उभे राहून, ओठही फारसे न हलवता ते म्हणाले, 'आठ नही सर, साडेसात. मोजी ल्या.' मोजलं. साडेसात.

खरं तर १६ वर छिद्र असताना आठ लावलं काय न् साडेसात लावलं काय, सहा-साडेसहापासून दहा-अकरा फुटांपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं. पण छिद्र साडेचारवर उघडं असेल तर हीच सवलत जेमतेम सव्वा फुटावर येते आणि तिथे नानांसारखा माणूसच हवा. महागड्या कॅमेऱ्यांत अंतर मोजणारं यंत्र असतं. माझं यंत्र विडी ओढतं आणि दुपारी जेवायला घरी जातं.

अंतराच्या या भानगडीवर आमच्या खानदेशाने दोन भारी तोडगे काढलेले आहेत. मेजर रॉबर्ट गिलला कंपनी सरकारने १८४० च्या दशकात अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला पाठवलं. त्याने केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पण त्याआधीच त्याने दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा हाती घेतला होता. त्याच्या जोडफोटोंकडे यंत्रातून बघितलं की लेण्यांचे खांब पुढे-मागे सुटे उभे राहतात, म्हणजे त्याने अंतरच पकडून आणलं. १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. दुसरा तोडगा चाळीसगावच्या केकी मूस यांचा. १९१२ चा जन्म, इंग्लंडला कलाशिक्षण, आणि नंतर जवळपास पाच दशकं चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर न पडल्यासारखंच जगणं. कुणाची तरी वाट बघत रात्रीची मेल येईपर्यंत ते दार उघडं ठेवत असं सांगतात, त्यात मी पडत नाही. मला त्यांचं टेबलावरचं काम जास्त भुरळ घालतं. दगड, काटक्या, कापूस मांडून, उजेड पाडून ते टेबलावर अख्खा निसर्ग उभा करत आणि त्याचा फोटो काढत. डोंगर कुठे हवा ते हाताने सरकवून ठरवायचं. बाहेर न जाणाऱ्या माणसाकडे सगळं जग फुटाच्या आतच असणार. १९८९ च्या शेवटच्या दिवशी ते वारले. घराचं आता संग्रहालय झालंय. कुणी रस्ता विचारला तर चाळीसगावकर बहुधा 'आठेच शे' म्हणत असतील, आणि या एका बाबतीत ते खरं ठरेल, कारण घर स्टेशनपासून फार लांब नाही.

फोटो काढून झाल्यावर गल्लीतल्या पोरांनी कॅमेऱ्याची पाठ गाठली. 'आते दखाडा ना सर!' पाठीवर काळं कातडं आणि एक तांबडी खिडकी. पोरांनी खिडकीत डोळा घातला, काही दिसलं नाही, आणि सर फसले असं ठरवून ती निघून गेली.

रोल धुवायची द्रावणं वीस अंशांवर वापरायची असा छापील दंडक आहे. वीस अंश आमच्या नळाला डिसेंबरात भेटतात. मे महिन्यात मी रांजणातलं पाणी घेतो. हवा कोरडी असल्यामुळे रांजण चांगला गारवा धरतो, उरलेली कसर बर्फगोळेवाल्याकडून आणलेला खडा भरून काढतो, आणि तरीही पाणी कोमट वाटलं तर वेळ कमी करतो. किती कमी, तर अंदाजाने. नंतर ओली फिल्म दोरीवर चिमट्याने टांगायची आणि घरातल्या प्रत्येकाला झाडू मारायची बंदी करायची, म्हणजे त्या तासाभरात हमखास कुणाला तरी झाडू आठवतो.

नानांचा फोटो छान आला. टोपीची कड, मिशीतला पांढरा केस न् केस, विटांमधल्या सिमेंटच्या रेघा, सगळं स्वच्छ. मोठी प्रिंट करून त्यांना नेऊन दिली. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी ओझरतं बघितलं. मग प्रिंट लांब धरली, एक डोळा बारीक केला आणि मागच्या भिंतीकडे बघत राहिले. 'सर, फोटूत भिंत डावीकडे झुकेल शे.'

मी म्हटलं, भिंतच झुकली असेल.

'मनी भिंत ओळंब्यात शे. तुम्हीच वाकडा उभा व्हतात.'

हा वाद अजून मिटलेला नाही. नानांनी दुसऱ्या दिवशी ओळंबा आणून भिंतीला लावला आणि मला बोलावून दाखवला. मी म्हटलं, ओळंबा तुमचा आहे. आता पुढच्या फोटोला कॅमेऱ्यावर ठेवायला लेव्हल आणतो म्हणालेत, आणि त्या दिवसाची मजुरी वेगळी धरणार आहेत.