कालव्याकाठची आचारसंहिता

ग्रॅव्हल सायकलवरून फ्रान्सच्या खेड्यांतून हिंडावं असं ज्यांच्या मनाने घेतलं आहे, त्यांनी पुढील नियम वाचून, समजून आणि जमल्यास पाठ करून निघावं. नियम सर्वसाधारण आहेत. त्यांत कुठे आमच्या भावोजींशी साम्य आढळलं तर तो योगायोग समजू नये.

मार्ग नवशिक्यालाही झेपेल असा निवडला आहे. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनातून लोकलने फोंतेनब्लो, तिथलं जंगल ओलांडून मोरे, मग ल्वँ नदीच्या सोबतीने जाणारा कालवा धरून मोंतार्जी, पुढे ब्रियार कालवा आणि शेवटी लुआर नदी. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये सायकल चढवू देत नाहीत, शनिवार-रविवारी देतात. एवढी माहिती भावोजींना पुण्यातच होती. ताईने फक्त एकच विचारलं होतं, की खडीच्या रस्त्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं? त्या प्रश्नाचं उत्तर अद्याप आलेलं नाही.

नियम पहिला : हवा सर्वांदेखत मोजावी.

ग्रॅव्हल सायकल दिसायला शर्यतीची, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, पण टायर जाड, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे. आत ट्यूब नसते. तिच्याऐवजी एक पांढरा दुधाळ द्रव असतो, जो काट्याने पडलेलं भोक आपलं आपण बुजवतो. हा द्रव काही महिन्यांत सुकतो आणि सुकल्याचं बाहेरून कळत नाही. म्हणून निघण्याआधी चाक काढून कानाशी धरावं आणि हलवावं. आत खळखळ ऐकू आली पाहिजे. सकाळी हॉटेलच्या बोळात एक सद्गृहस्थ अर्ध्या चड्डीत, डोळे मिटून, चाकाला कान लावून उभे असतील तर घाबरू नये. ते आजारी नाहीत.

हवेचं म्हणाल तर कालव्याच्या बांधलेल्या वाटेवर पस्तीस-चाळीस पीएसआय, वाळूत त्याहून बरीच कमी. भावोजींकडे दशांशापर्यंत आकडा दाखवणारं यंत्र आहे. ते उठल्यावर मोजतात, न्याहारीनंतर मोजतात आणि ऊन चढलं की पुन्हा मोजतात. प्रत्येक मोजणीत थोडी हवा जाते, ती भरावी लागते, मग भरल्यावर मोजावी लागते. ताईने स्टेशनाजवळच्या दुकानातून टोपलीवाली, तीन गिअरची सायकल भाड्याने घेतली होती. ती अंगठ्याने टायर दाबून बघते. ही पद्धत अशास्त्रीय आहे. तिचा टायर मात्र ब्रियारपर्यंत शाबूत राहिला.

नियम दुसरा : वाळूत शहाणपण शिकवू नये.

फोंतेनब्लोच्या जंगलाखाली पांढरी वाळू आहे, इतकी शुद्ध की काच बनवणारे ती पूर्वापार नेत आले. ती जिथे वर येते तिथे पुढचं चाक स्वतंत्र विचार करू लागतं. उपाय असा. हलका गिअर वाळूत शिरण्याआधी टाकावा, शिरल्यावर नव्हे. बूड मागे सरकवावं, हँडल सैल धरावं, पुढचा ब्रेक आहे हे विसरून जावं, पाय थांबवू नयेत आणि वळायचं ते वाळू संपल्यावर. हा सगळा उपदेश भावोजींनी मला वाळूत आडवे असताना केला. उपदेश अगदी बरोबर होता. ताई उतरून चालत पुढे गेली होती.

या जंगलात रुंद, सरळ वाटा भरपूर आहेत. राजेलोकांच्या शिकारीसाठी त्या आखल्या गेल्या. जागोजागी अनेक वाटा एका चौकात येऊन मिळतात आणि त्या चौकाला नाव असतं. सायकल या वाटांवरच ठेवावी. झाडांवर आणि खडकांवर निळ्या खुणा दिसतात त्या अरुंद पाऊलवाटा पायी चालणाऱ्यांच्या. नेपोलियनच्या फौजेतला एक जुना शिपाई, देनकूर, याने १८४२पासून त्या आखल्या. लोकांनी जंगलात यावं, हिंडावं आणि घरी परत जाता यावं, एवढाच त्याचा हेतू. आणि जंगल राहिलं ते पुष्कळसं चित्रकारांमुळे. शेजारच्या बार्बिझाँ गावात राहणारे थिओदोर रुसोसारखे लोक जुने ओक तोडायला विरोध करत राहिले, आणि १८६१ साली सरकारी फर्मान निघून हजारभर हेक्टर जंगल चित्रांसाठी राखून ठेवलं गेलं. अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२चं, म्हणजे त्यानंतरचं. झाडाखाली बसून झाड रंगवणाऱ्या माणसांनी सरकारला नमवलं, हे मी भावोजींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "या पट्ट्यात वेगाची सरासरी फार पडली."

नियम तिसरा : फोटो सायकलचा काढावा.

साखळीची बाजू कॅमेऱ्याकडे, पेडलचा दांडा आडवा, पाण्याच्या बाटल्या पुसलेल्या. मागे फोंतेनब्लोचा राजवाडा आला तर हरकत नाही. २० एप्रिल १८१४ रोजी नेपोलियनने ज्या नालाच्या आकाराच्या जिन्यापाशी आपल्या जुन्या पलटणीचा निरोप घेतला, तो जिना भावोजींच्या फोटोत मागच्या चाकाच्या थोडा वर, अस्पष्ट दिसतो.

नियम चौथा : सपाटीवरही चढ शोधावा.

कालवा म्हणजे साचलेलं पाणी आणि साचलेलं पाणी सपाट असतं. त्यामुळे काठची वाटही सपाट. एके काळी या वाटेवरून माणसं, गाढवं, घोडे नावा ओढत चालायचे. घाई त्यांनाही नव्हती. हे ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी जलपाशांची सोय आहे. दोन दरवाज्यांच्या मधल्या हौदात नाव घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून ती वर किंवा खाली न्यायची. प्रत्येक जलपाशापाशी वाटही दोन-तीन मीटर चढते. या चढावर भावोजी सीटवरून उठतात, दात आवळतात आणि वर पोचून हँडलवरच्या, वेग दाखवणाऱ्या पडद्यात बघतात. दुसऱ्या बाजूने, सामानाच्या जाड पिशव्या लावून, बॅटरीच्या सायकलींवर गप्पा मारत येणारी सत्तरीची डच जोडपी त्यांना हसून नमस्कार करतात. त्या नमस्काराला ते उत्तर देत नाहीत.

इथे जाणकारीची एक गोष्ट. वाट बहुतेक ठिकाणी घट्ट आणि गुळगुळीत आहे, पण मोठ्या झाडांच्या ओळी लागल्या की मुळं डांबराला आणि मुरमाला खालून ढोसतात. पानांच्या सावलीत ती दिसत नाहीत, मनगटाला कळतात. सावली आली की वेग कमी. काही पट्ट्यांत वाट गवतात जाऊन एका चाकाएवढीच उरते. तिथे जाड टायरचं सार्थक होतं. बाकी सगळीकडे टोपलीवाली सायकल पुरते. हे मी भावोजींना सांगितलेलं नाही.

नियम पाचवा : मासे धरणाऱ्याला मान द्यावा.

हा नियम गंमतीचा नाही. काठावर घडीच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थाच्या हातातली काठी दहा-दहा मीटर लांब असते. मासा लागला की तो ती गुंडाळत नाही, सरळ मागे सरकवतो, आणि ती वाटेवर आडवी येते, सायकलस्वाराच्या गळ्याच्या उंचीला. घंटी लांबूनच, एकदा, हळू वाजवावी. जवळ येऊन वाजवली तर मासा जातो आणि तुमची इज्जतही. एका म्हाताऱ्याने भावोजींच्या चष्म्याकडे, हेल्मेटकडे, बुटांकडे क्रमाने पाहिलं आणि काठी अगदी सावकाश पाण्यावर घेतली. मग डब्यातलं पुढचं गांडूळ निवडायला सुरुवात केली. आम्ही तिथे नव्हतोच जणू.

नियम सहावा : कुठेही शिरताना आधी "बोंज्यूर".

बोंज्यूर न म्हणता पाव मागितला तर पावही उशिरा मिळतो.

नियम सातवा : भूक घड्याळाप्रमाणे लागावी.

दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीच वाजता खेड्यातल्या खानावळीत शिरलात तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतील. किराण्याचं दुकान दुपारी बंद. बेकरी आठवड्यातून एक दिवस बंद, बऱ्याचदा सोमवारी. शिवाय खेड्यातल्या सँडविचमध्ये लोणी आणि हॅम सोडून तिसरी कल्पना फारशी शिरलेली नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाने शिदोरी बाळगावी हे उत्तम. भावोजींनी शक्तिवर्धक जेलची पाकिटं आणली होती, चवी मोजून. ताईने थेपले आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्या दिवशी भावोजी थेपल्यांकडे तुच्छतेने पाहत होते. दुसऱ्या दिवशी ते ताईच्या टोपलीच्या बरोबरीने सायकल चालवू लागले.

नियम आठवा : पाणी स्मशानात भरावं.

ही खरी फ्रेंच सायकलवाल्यांची विद्या. गाव कितीही झोपलेलं असो, चर्चच्या आसपास किंवा गावाबाहेर दफनभूमी असते आणि तिच्या फाटकाशी, थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला, नळ असतो. पाणी पिण्यासारखं नसेल तर तशी पाटी असते, ती शोधावी. भावोजी फाटकाबाहेर थांबले. चाळीस वर्षं इंजिनिअरिंग केलेला माणूस, पण स्मशानातलं पाणी प्यायचं कसं? ताईने तिन्ही बाटल्या भरल्या, आधी स्वतः प्यायली आणि त्यांची त्यांच्या हातात दिली. ते प्यायले. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर कुणाशी न बोलता आधी आंघोळ करून आले.

नियम नववा : तीर्थक्षेत्र ज्याचं त्याने ठरवावं.

मोरेत नदीवरचा पूल आणि चर्च बघायचं. सिसलीने ते पुन्हा पुन्हा रंगवलं. पॅरिसमध्ये जन्मून, आयुष्य फ्रान्समध्ये काढून या चित्रकाराला फ्रेंच नागरिकत्व काही मिळालं नाही. १८९९ साली तो इथेच वारला. भावोजींनी पुलावर सरबत घेतलं. मोंतार्जीत मात्र त्यांचं रूप पालटलं. हे गाव कालव्यांनी चिरलेलं, शंभराहून अधिक लहानमोठ्या पुलांचं. इथला प्रलीन प्रसिद्ध, साखरेत खरपूस परतलेला बदाम, आपल्या चिक्कीची श्रीमंत मावसबहीण. पण भावोजींना जायचं होतं ते शेजारच्या शालेत गावातला हचिन्सनचा रबर कारखाना बघायला. तो १८५३ पासूनचा, आणि भावोजींच्या सायकलीचे टायर त्याच कंपनीचे. आत जाता येत नव्हतं. ते फाटकासमोर हेल्मेट काढून उभे राहिले. तिथे १९२२ साली एक सतरा-अठरा वर्षांचा चिनी पोरगा रबरी बूट बनवायला कामाला होता, त्याचं नाव डंग श्यावफिंग, पुढे चीनची सत्ता त्याच्या हाती आली आणि आज मोंतार्जी स्टेशनासमोरच्या चौकाला त्याचं नाव आहे, हे सगळं मला भावोजींनी सांगितलं. राजवाड्यापाशी अडीच वाक्यं बोललेला माणूस इथे थांबेना. मला ते आवडलं.

नियम दहावा : शरद ऋतूत जंगलात भडक रंगाचे कपडे घालावेत.

शिकारीचा मोसम असतो. डुक्कर समजलं जाणं परवडत नाही.

नियम अकरावा : हत्यारांची पेटी हसण्यावारी नेऊ नये.

हा नियम मी नाइलाजाने लिहितो आहे. ब्रियार कालव्यावर एका डच आजींच्या सायकलीची साखळी तुटली. आजोबा फोन हातात घेऊन हताश. भावोजी थांबले, सीटखालची, आम्ही जिची चेष्टा करत आलो ती पेटी उघडली, साखळी तोडायचं अवजार काढलं, तुटलेली कडी बाहेर ढकलली आणि जोडकडी बसवली. मग पेडलवर जोर देऊन ती टक् आवाजाने बसल्याची खात्री केली. हात काळे झाले होते, ते त्यांनी गवताला पुसले. आजींनी गालाला गाल लावून तीनदा आभार मानले. भावोजी त्यानंतर बराच वेळ फार हळू चालवत होते आणि हँडलवरच्या पडद्याकडे बघत नव्हते. जोडकडी प्रत्येकाने बाळगावी. वजन नगण्य.

नियम बारावा : रोन्यीला उतरावं.

रोन्यी-ले-सेत-एक्ल्यूझ. इथे टेकडीवर सात जलपाश एकाला एक लागून जिन्यासारखे बांधले आहेत. चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १६०४ साली काम निघालं. राजाचा खून झाल्यावर थांबलं. कालवा पुरा झाला १६४२ला. लुआर आणि सेन या दोन नद्या जोडणारा, डोंगर ओलांडून जाणारा हा कालवा. १८८७ साली मोठ्या नावांसाठी शेजारून नवे जलपाश बांधले आणि जुने सात सुटीवर गेले. आता त्यांच्यात गवत आहे. शेजारून पायऱ्या आहेत. सायकल खांद्यावर घ्यायची हौस असेल तर घ्यावी.

आणि मग ब्रियार. इथे पोलादी हौदातून कालवाच लुआर नदीच्या डोक्यावरून पलीकडे जातो. १८९६चा पूल, ६६२ मीटर लांब, दगडी खांब आयफेलच्या कंपनीने उभारलेले. खाली नदी, वर पाणी, पाण्यात नाव, दोन्ही कडांना चालायच्या अरुंद वाटा आणि दिव्यांचे खांब. पाटी आहे, सायकल हातात धरून चालत जावं. भावोजींनी पाळली. पलीकडे पोचायला वेळ लागला आणि पडद्यावर सरासरी आणखी पडली, पण त्यांनी ती वाचून दाखवली नाही.

पुढच्या वर्षी निवेर्ने कालव्याचा बेत आहे, ओसेरपासून दसीजपर्यंत, १७४ किलोमीटर, शंभरावर जलपाश. कुणाला यायचं असेल तर ताईला फोन करावा. भावोजींना केलात तर ते आधी तुमचं वजन विचारतील, हवा ठरवण्यासाठी.