दहापैकी सहा

परमुलुखात पाऊल ठेवताच तेथे जे जे काही उत्तम आढळेल ते मूळचे आपलेच असून कालौघात कुठल्यातरी गलबतातून तिकडे पोहोचले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रत्येक मराठी प्रवाशाच्या शिरावर आपोआप येऊन पडते. आणि ती पार पाडण्याइतकी माहिती त्याच्यापाशी नसली तरी आत्मविश्वास मात्र पासपोर्टाबरोबरच मिळालेला असतो. मध्य व्हिएतनाममधील होई आन या गावी दर चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जो कंदिलांचा उत्सव होतो, त्यास मी प्रेक्षक म्हणून गेलो नव्हतो. परीक्षक म्हणून गेलो होतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आकाशकंदील-स्पर्धेचे परीक्षकपद वहिवाटीने माझ्याकडे चालत आलेले असून, त्यास कोणी हरकत घेतल्याचे संस्थेच्या दप्तरी नमूद नाही. ज्या गृहस्थांनी हरकत घेतली होती, त्यांनी सदनिका विकली.

तिथीनिर्णयही अर्थातच मीच केला. आपल्याप्रमाणे त्यांचाही महिना अमावास्येपाशी पालटतो, तेव्हा चौदावा दिवस म्हणजे शुद्ध चतुर्दशी, हे मी पंचांग उघडून आक्कास समजावून दिले. तिकिटे काढून देणाऱ्या मुलाने त्यांचा चौदावा दिवस त्या महिन्यात एक दिवस अलीकडे येत असल्याचे संगणकावर दाखविले. अमावास्या ज्या दिवशी घडते तोच दिवस ते पहिला धरतात आणि आपण प्रतिपदेसाठी पुढच्या सूर्योदयाची वाट पाहतो, एवढाच काय तो भेद. तथापि व्हिएतनामी पंचांगात एका दिवसाची चूक असल्याचा निवाडा मी तेथल्या तेथे दिला, आणि तिकिटे त्यांच्या चुकीप्रमाणे काढली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. साताऱ्याच्या शाळेत तिने सारा जन्म गणित शिकविले, त्यामुळे कोणतेही विधान ऐकले की त्याची सिद्धता मागण्याची तिला खोड आहे. होई आनला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी आम्ही मी-सन येथील चाम राजांची देवळे पाहिली. चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने स्थापिलेला भद्रेश्वर, संस्कृतातले शिलालेख, झाडीत उभी असलेली विटांची शिखरे, 1969 साली अमेरिकन बाँबफेकीत जमीनदोस्त झालेल्या मुख्य देवळाचा ढिगारा आणि अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याने केलेली डागडुजी, एवढा पुरावा समोर असताना मला कंठ फुटला नसता तरच नवल. वाटाड्या तरुणास मी हे सर्व कसे आमचेच आहे ते इंग्रजीत सांगत होतो व तो शालीनपणे मान डोलावीत होता. आक्का एका भिंतीवर हात ठेवून उभी होती. विटा इतक्या नेमक्या बसल्या होत्या की दोहोंच्या मध्ये नख शिरत नव्हते.

"बाळ," ती म्हणाली, "देव आपला, लिपी आपली, सगळं कबूल. विटा कोणी भाजल्या?"

"चाम लोकांनी."

"मग त्यांचं नाव तुझ्या व्याख्यानात एकदाच कसं आलं?"

माझे वय साठीच्या पुढे गेले आहे आणि मला चारचौघांत बाळ म्हणणारी व्यक्ती भूतलावर ही एकच उरली आहे, हे येथे सांगून ठेवतो.

होई आनची कैफियत थोडक्यात अशी. सोळाव्या-सतराव्या शतकांत जपानी, चिनी, डच, पोर्तुगीज अशा सर्वांची जहाजे येथे लागत. पुढे थू बोन नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि एकोणिसाव्या शतकात सारा व्यापार दा नांगला गेला. बंदराचे दिवाळे निघाले म्हणून घरे वाचली. पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता! 1999 साली त्याच जुन्या घरांसाठी गाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच्या आदल्या वर्षी, 1998 मध्ये, तेथील अधिकाऱ्यांनी प्रघात घालून दिला की महिन्यातून एक रात्र जुन्या पेठेतले विजेचे दिवे मालवावे आणि कंदिलांच्या उजेडात गाव आपल्या पूर्वजांसारखे दिसावे.

गावात एक छप्पर असलेला जपानी पूल आहे, वीस हजार डोंगांच्या नोटेवर त्याचे चित्र असते. एका तोंडाशी कुत्र्यांच्या आणि दुसऱ्या तोंडाशी माकडांच्या मूर्ती बसविल्या आहेत. त्याची दुरुस्ती होऊन 2024 साली तो पुन्हा खुला झाला, तेव्हा तो फार नवा दिसतो अशी लोकांनीच तक्रार केली, यावरून त्या लोकांची अभिरुची ध्यानात यावी. दंतकथा अशी की भूमीखाली एक अजस्र प्राणी पहुडला असून त्याचे शेपूट जपानात, धड व्हिएतनामात आणि मस्तक हिंदुस्थानात आहे. तो कुशीवर वळला की भूकंप होतो, म्हणून पूल बांधून त्याच्या पाठीत जणू खिळा ठोकला आहे. मस्तक आपल्याकडे असल्याचे कळताच मी टोपी सारखी केली. आक्का म्हणाली, "डोकं इकडे, वळवळ तिकडे, आणि बंदोबस्त यांनी करायचा."

आता कंदिलांकडे वळतो. आकार, चिकटकाम, झिरमिळ्या आणि प्रकाश या चार सदरांखाली मी गुण देत असतो. होई आनच्या गल्लीबोळांतून तांबडे, पिवळे, निळे रेशमी कंदील दोरांवर टांगलेले असतात. कोणी कमळाच्या आकाराचा, कोणी भोपळ्याच्या, आणि कोणी चक्क लसणीच्या गड्ड्याच्या आकाराचा, ज्यास त्यांच्या भाषेतही लसणीचेच नाव आहे. झिरमिळ्यांच्या जागी एकच रेशमी गोंडा पाहून मी दोन गुण कापले. पेठेच्या टोकाला पोहोचेपर्यंत सरासरी दहापैकी सहा पडली होती.

आकाशकंदिलाविषयी येथे काही लिहिणे अपरिहार्य आहे. वाचकास ते तसे वाटणार नाही, परंतु त्यास इलाज नाही. प्रथम बांबू. तो बुरूडआळीतून, जून पण न वाळलेला असा आणावा. त्याच्या कामट्या बोटाच्या टोकावर तोलून पाहाव्या आणि ज्या एका अंगास कलतील त्या पुन्हा तासाव्या, कारण कलती कामटी सबंध कंदिलास फेंगडा करते. सांध्यांस मेण चोळलेला दोरा. नंतर खळ. येथे दोन पंथ आहेत, मैद्याचा आणि कणकेचा, आणि त्यांचे आपसांत जमत नाही. मी मैद्याचा आहे. खळीत मोरचूद घालायचे ते गव्हाच्या दाण्याएवढे, म्हणजे झुरळे कागद खात नाहीत. आणि शिजविताना पळी एकाच दिशेने फिरवायची, दिशा बदलली की गुठळी झालीच. पतंगी कागद ताणून लावाल तर वाळताना फाटेल, सैल लावाल तर सुरकुतेल. यांच्या मध्ये जी एक अवस्था आहे ती शब्दांत सांगता येत नाही, तळहातालाच कळावी लागते. झिरमिळ्यांच्या घडीला कात्री लावली की काठापासून बोटभर अलीकडे थांबायचे. पूर्वी आत पणती असे. विजेचा दिवा आला तेव्हा शहाण्या माणसाने पंधराचा लावला आणि चाळिसाचा लावणाऱ्याच्या घरी दिवाळीत कागद करपल्याचा वास आला. आणि आता बाजारात जो प्लास्टिकचा, घडीचा, खटकन् उघडणारा, आत रंग बदलणारी दिव्यांची माळ घातलेला पदार्थ मिळतो, तो दाराशी लावून वर त्यास "पारंपरिक" म्हणणारा मनुष्य स्पर्धेस उतरला की मी त्याच्या रकान्यात आडवी रेघ ओढतो. या विषयावर मी दर वर्षी बक्षीससमारंभात भाषण करतो. त्यात साताऱ्याचा वाडा येतो, खळीची वाटी येते, आणि मी वयाच्या आठव्या वर्षी केलेला षट्कोनी कंदील येतो. टाळ्या पडतात.

अशा अधिकारी पुरुषास कंदील करायला शिकविणाऱ्या कारखान्यात आक्काने पैसे भरून बसविले, ही गोष्ट मला प्रथमदर्शनी अपमानास्पद वाटली. परंतु तेथील बाई बांबूच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात भिजवून मग वाळवितात, म्हणजे कीड लागत नाही, असे दुभाष्या मुलीने सांगितले तेव्हा मला आमचे मोरचूद आठवले आणि मन किंचित द्रवले. सांगाडा तयारच मिळतो. वर-खाली लाकडाची गोल चकती, तिच्यात ओवलेल्या कामट्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या. आपण फक्त प्रत्येक कामटीस गोंद लावून दोहोंच्या मधल्या जागेत रेशमाची एकेक पट्टी ताणून बसवायची आणि काठ कातरीने साफ करायचे. मी तीन पट्ट्या बसविल्या. बाईंनी माझ्याकडे पाहून स्मित केले, माझ्या तिन्ही पट्ट्या अलगद सोलून काढल्या व काही न बोलता स्वतः लावून दिल्या.

आक्काचा कंदील तोवर अर्धा झाला होता. बाई तो हातात घेऊन फिरवून पाहू लागल्या. मग दुभाषीण म्हणाली, "त्या विचारतात, आजी हाच धंदा करतात का?"

"धंदा नाही म्हणावं. लहानपणी घरचा कंदील दर दिवाळीला मीच करायचे."

"मीच?" मी म्हणालो.

"मग कोण? तू खळीची वाटी धरायचास." तिने कातर चालवीतच उत्तर दिले. "तीही एकदा आजोबांच्या धोतरावर सांडलीस. टांगायला मात्र तुला शिडीवर चढवायचे. मुलीच्या जातीनं असं वर चढू नये, खालून चार लोक बघतात. मग शेजारचे येऊन म्हणायचे, बाळानं काय सुरेख कंदील केलाय!"

तिच्या स्वरात गाऱ्हाणे नव्हते, ही गोष्ट मला अधिक झोंबली. गाऱ्हाण्यास उत्तर देता येते. तो षट्कोनी कंदील मी केला हे मला स्वच्छ आठवते. त्या आठवणीत कामटी तासण्याचा आवाज आहे, मैद्याचा वास आहे, कागदावरून फिरणारा तळहात आहे. गोंदाने बरबटलेले माझे हात मांडीवर ठेवून मी ती आठवण पुन्हा तपासू लागलो. कामटी धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर चाकूचा एक तिरपा व्रण दिसत होता. माझ्या अंगठ्यावर तसा व्रण नाही. समोर रेशीम दाबून धरलेल्या आक्काच्या अंगठ्यावर तो होता, सुरकुत्यांत जवळजवळ बुडालेला, पण होता.

वाड्यात तेव्हा मोठी माणसे पुष्कळ होती आणि कंदील कोण करीत आहे हे त्या सर्वांना दिसत होते. तरीही तो माझ्या नावावर चढला, आणि सातबारावरची नोंद जशी एकदा चढली की पिढ्यान्पिढ्या कोणी पुसत नाही तसा तिथेच राहिला. मी तर त्यावर भाषणांचे पीक घेतले. आक्का माझी भाषणे दोन वेळा ऐकून गेली आहे. दोन्ही वेळा तिने टाळ्या वाजविल्या होत्या.

संध्याकाळी दिवे मालवले. दुकानदारांनी दारांपुढे चौरंगासारखी मेजे मांडून वर फळे, फुले, उदबत्त्या ठेवल्या होत्या, पूर्वजांसाठी. काहीजण कागदाच्या नोटा जाळीत होते, म्हणजे पितरांस परलोकी खर्चास कमी पडू नये. हे दृश्य पाहायला जी गर्दी लोटली होती तिने मात्र हातातले दूरध्वनी एवढे पाजळले होते की मालवलेल्या दिव्यांचे श्रम फुकट गेले. एका तरुणाने तर उदबत्ती लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईस, चित्र नीट आले नाही म्हणून, पुन्हा लावायला सांगितले. तिने लावली. माझ्या तोंडाशी आलेले मराठी शब्द येथे छापण्याजोगे नाहीत.

नदीवर होड्यांची एवढी दाटी होती की वल्ह्यापेक्षा शेजारच्या होडीस हाताने ढकलूनच पुढे जावे लागत होते. आक्काने काठावरच्या आजीबाईकडून मेणबत्ती लावलेली कागदी कमळाकृती घेतली होती, ती तिने होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात सोडली.

"कोणाच्या नावानं?" मी शक्य तितक्या मृदू स्वरात विचारले.

"नाव कशाला? प्रवाह कुठल्या अंगाला आहे ते बघतेय."

कमळ डुलत डुलत दहा-बारा हात गेले. जीवनाची नश्वरता, ज्योतीचे एकाकीपण व कालप्रवाह यांविषयी एक प्रदीर्घ वाक्य माझ्या मनात आकार घेत होते, त्याचे क्रियापद तेवढे यायचे होते, इतक्यात पलीकडच्या होडीतल्या माणसाने लांब दांड्याचे जाळे पुढे करून आक्काचे कमळ इतर पाच-सहा कमळांसह उचलले, फुंकर मारून मेणबत्त्या विझवल्या आणि ओला कागद टोपलीत टाकला.

"शहाणे आहेत," आक्का म्हणाली. "नाहीतर सकाळी नदीत नुसती रद्दी. बरं, तू किती गुण दिलेस या गावाला?"

"सहा दिले होते. पण फेरतपासणी करावी म्हणतो."

"कर. आणि त्या बाईंकडचे दोन कंदील घेऊ. घडी होते, पिशवीत मावतील. एक माझ्या दाराला, एक तुझ्या."

"तुझा मी येऊन टांगून देतो."

"काही नको," ती म्हणाली. "दोन्ही मीच टांगणार. तू फक्त शिडी धर."

तिच्या गुडघ्यांची अवस्था, डॉक्टरांचा हुकूम आणि तिचे वय या तिन्ही बाबी मी एकामागून एक निदर्शनास आणल्या. खालून चार लोक बघतील, असेही शेवटी बोलून गेलो.

"बघू देत की," आक्का म्हणाली, आणि होडीवाल्या बाईस हाताने खूण करून होडी दुकानाच्या बाजूस वळवायला लावली.