सर्वोत्कृष्ट, म्हणून विक्रीस

घर विकणारा मनुष्य मुलगा परदेशी स्थायिक झाल्याचे सांगतो, मोटार विकणारा पेट्रोलच्या भावाकडे बोट दाखवतो आणि जमीन विकणाऱ्याला तर कारण विचारण्याचीच आपल्याकडे रीत नाही, कारण सावकार, कोर्टकचेरी अथवा भाऊबंदकी यांपैकी काहीतरी असणार, हे तलाठ्यापासून सर्वांनी गृहीत धरलेले असते. परंतु उंची ध्वनिक्षेपकांची वापरलेली जोडी विक्रीस काढणाऱ्या गृहस्थापुढे जे तार्किक संकट उभे राहते, त्याची सोडवणूक नैयायिकांनाही साधली नसती. या स्पीकरांहून सरस आवाज भूतलावर नाही, हे त्याला जाहिरातीच्या पहिल्या वाक्यात सिद्ध करावयाचे असते आणि तो आवाज आपल्याला घरात नको, हे दुसऱ्या. मध्ये ‘अपग्रेड करायचे आहे’ एवढे तीन शब्द घातले की काम भागते. सरसाहून सरस ते काय, असे कोणी विचारीत नाही. विचारणारालाही वर्षा-दोन वर्षांनी तेच तीन शब्द लागणार असतात.

मालाची स्थिती सांगताना ‘दहापैकी साडेनऊ’ असे गुण देण्याचा प्रघात आहे. अर्धा गुण केवळ विनयापोटी कापलेला असतो.

बी.बी.सी.च्या एल.एस. ३/५ ए या जोडीचेच उदाहरण घ्या. १९७०च्या दशकात त्या संस्थेच्या अभियंत्यांना, बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारगाडीत, जेथे माणसालाच अंग चोरून बसावे लागे तेथे, निवेदकाचा आवाज स्वाभाविक उमटतो की नाही याची तपासणी करण्यासाठी एक आटोपशीर साधन हवे होते. सबब त्यांनी फूटभर उंचीचे, पाचएक किलो वजनाचे, पातळ प्लायवुडच्या भिंतींचे एक खोके सिद्ध केले, खर्जाचा मोह जाणूनबुजून सोडला, मानवी कंठाशी इमान राखले आणि उत्पादनाचे परवाने निरनिराळ्या कारखानदारांना दिले. कचेरीतल्या लाकडी फुटपट्टीइतकी ही प्रामाणिक वस्तू! तिची आज दिवाणखान्यात प्राणप्रतिष्ठा झाली असून लाखाच्या वर गेलेल्या किमतीला ती विकत घेणारा भक्त, ती ठेवण्याच्या पोलादी घडवंचीसाठी आणखी खर्च करतो. शिवाय आवाज काढण्याच्या कामी ही देवता कमालीची सुस्त असल्याने, तिला जागे करण्याइतक्या ताकदीचा ॲम्प्लिफायर आणणे ओघानेच येते.

देवता म्हटली की वंशावळ आलीच. मूळच्या जोड्या पंधरा ओहमच्या. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अकरा ओहमचा अवतार निघाला, आणि तेव्हापासून पंधरावाला अकरावाल्याशी ज्या स्वरात बोलतो, तो स्वर पूर्वी इनामदार कुळांसाठी राखून ठेवीत. पुढच्या जाळीवरील पाटी सोनेरी की काळी, दोन्ही खोक्यांचे क्रमांक जोडीचे की कोणी परकी कन्या मध्येच घरात घेतली, याची रुजुवात सातबाऱ्याच्या उताऱ्यापेक्षा कसोशीने होते. त्यातून आवाज येतो की नाही, हा मुद्दा तपशिलात पुष्कळ खाली.

मग एका रविवारी गिऱ्हाईक येते. पादत्राणे काढता काढताच ते खिशातून विजेरी काढते आणि शंकूंचा पंचनामा सुरू करते: कोठे खळगी, कोठे डाग, जाळीच्या कोपऱ्यात कोठे धागा उसवलेला. पंचनाम्यानंतर श्रवण, आणि श्रवणासाठी हे सद्गृहस्थ, पुण्यात राहत असूनही, पृथ्वीवरील यच्चयावत ध्वनिशौकिनांप्रमाणे ईगल्स मंडळींचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, तेही १९९४चे मैफिलीतले, बरोबर घेऊन आलेले असतात. त्याच्या आरंभी एक ढोल आहे. जो ढोल या खोक्यांनी वाजवावा अशी बी.बी.सी.ची कधी अपेक्षाच नव्हती, तो वाजत नाही असे पाहून गिऱ्हाईक समाधानाने म्हणते, “बेस कमी आहे.” विक्रेता दुखावतो, उठतो, किशोरीताईंचा आलाप लावतो, आणि खरोखरच काही क्षण त्या खोलीत दोन खोकी उरत नाहीत, केवळ एक गाणारी बाई उरते, एवढे निःसंशय सामर्थ्य त्यांच्यात आहे. गिऱ्हाईक डोळे मिटते. विक्रेत्यालाही, आपण हे का विकतो आहोत, असा प्रश्न पडू लागतो. तेवढ्यात डोळे उघडून गिऱ्हाईक विचारते, “साहेब, शेवटचे किती?”

मनुष्याचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो असे पाठ्यपुस्तके सांगतात, ते तारुण्यातले. हे स्पीकर परवडण्याइतकी पुंजी गाठीला लागेतो वरचे काही हजार हर्ट्झ कालवश झालेले असतात. तेव्हा ट्वीटरच्या तलमपणाविषयी पन्नाशी ओलांडलेले हे दोन गृहस्थ जो वाद घालतात, त्याचा निवाडा आतल्या खोलीत भूमिती सोडवीत बसलेली आठवीतली मुलगी चुटकीसरशी देऊ शकली असती, परंतु तिला साक्षीला बोलावण्याचे धाडस उभयपक्षी होत नाही.

अखेर केबलचे पैसे वेगळे की धरून, या कलमावर तासभर हुज्जत होऊन सौदा तुटेपर्यंत ताणतो आणि जुळतो. मोबदला पोचतो. विक्रेता माळ्यावरून मूळची पुठ्ठ्याची खोकी उतरवतो. भाड्याने दिला असता तर एव्हाना त्या माळ्याने स्पीकरांची किंमत फेडली असती. मग घसा साफ करून तो एकच अट घालतो: पुढेमागे विकायचे ठरले, तर प्रथम हक्क माझा. जमिनीच्या व्यवहारात हक्कशुफा म्हणून ज्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले, ते कलम ज्याने पाचशे रुपयांसाठी घसा कोरडा केला तोच मनुष्य विनातक्रार कबूल करतो, जोडी उचलून जिना उतरतो, आणि अर्ध्यावरून परत येऊन विचारतो, “ते थर्मोकोलचे तुकडे सगळे आहेत ना यात? पुढे लागतील.”