जरा पिवळट

तुमच्याही सोसायटीत एक तात्या असतीलच. नाव निराळं असेल, कुत्र्याची जात निराळी असेल, पण लिफ्टचं दार उघडल्याबरोबर आतून "थांबा, थांबा! छत्री ठिबकतेय तुमची!" असं ओरडणारा माणूस तोच. लिफ्ट सगळ्यांची, मेंटेनन्स सगळ्यांचा, जिना मात्र आपला. कारण आत कापूर उभा असतो. कापूर म्हणजे तात्यांचा सॅमॉयेड. जातिवंत, कागदपत्रांसकट. शोच्या आदल्या आठवड्यात तर त्याच्याकडे कुणी रोखून पाहिलं तरी डाग पडेल, अशी तात्यांना धास्ती असते.

माणसानं कुत्रं पाळावं, शोला न्यावं, कप आणून काचेच्या कपाटात मांडावेत. आपली काही हरकत नाही. पण तात्यांचं पांढऱ्याचं वेड कुत्र्यापाशी थांबत नाही. जगातली कुठलीही पांढरी वस्तू दिसली की ते ती उजेडाकडे धरतात, मान डावीकडे कलती करतात, एक डोळा बारीक करतात आणि म्हणतात, "जरा पिवळट आहे, नाही?"

त्यातलं ते "नाही?" फार वाईट. आपल्याला साक्षीला उभं केल्यासारखं.

माझा दिवाळीचा नवा सदरा जरा पिवळट. डेअरीचं दही जरा पिवळट. आमच्याकडे गणपतीत मोदक खायला आले, तेव्हा एकवीस पाकळ्यांचा मोदक खिडकीशी नेऊन म्हणाले, "चव उत्तम हो वहिनी, पण पिठी जरा पिवळट आहे, नाही?" वहिनींनी पुढच्या वर्षी त्यांना फक्त वाटली डाळ दिली. निवडणुकीत मतं मागायला आलेला उमेदवार पाणी, गटार, रस्ता या प्रश्नांची तयारी करून आला होता. तात्यांनी त्याच्या कडक इस्त्रीच्या खादीची बाही दोन बोटांत धरली आणि धोबी कोण आहे ते विचारलं. एवढंच कशाला, 'बी' विंगमधले आजोबा गेले तेव्हा अंगावर पांढरी चादर घालून त्यांना खाली आणलं होतं. तात्या हात जोडून उभे राहिले. हळूहळू मान डावीकडे कलायला लागली. काकूंनी मागून असा चिमटा काढला की लोकांना वाटलं, तात्यांना फारच दुःख झालंय.

शनिवारी कापूरची आंघोळ. घरातली माणसं बोअरच्या पाण्यानं न्हातात, कापूर वीस लिटरच्या विकतच्या जारनं. बोअरच्या पाण्यात क्षार आणि लोह, त्यानं पांढरे केस पिवळे पडतात. माणसांच्या केसांचं काय होतं हे तात्यांना सांगता येत नाही, कारण त्यांना टक्कल आहे. शांपू कुत्र्याचाच हवा, माणसाचा चालत नाही, ब्लीचचं तर नावच काढू नये. मग जांभळा शांपू. पिवळ्यावर निळ्या-जांभळ्याची हलकी झाक चढली की डोळ्यांना पांढरं दिसतं. आजीच्या धुण्यातल्या निळीचं शास्त्र तेच. मात्र आजी नीळ घालून फोनवर बोलायला जात नसे. तात्या एकदा गेले. कापूर त्या रविवारी शोला गेला तो फिकट जांभळा. परीक्षकानं चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

आंघोळीनंतर तीन तास ड्रायर. सॅमॉयेडला केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा दाट, तो मुळापर्यंत सुकवावा लागतो. ओल राहिली की केस कळकट पिवळे दिसतात आणि खाली कातडी चिघळते. तेवढा वेळ आमच्या मजल्यावर टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. आणि ओले पंजे झटपट कोरडे करायला कॉर्नफ्लोअर. ते चोळायचं, वाळू द्यायचं, विंचरून काढायचं. काकूंनी सूप करायला घेतलं की कॉर्नफ्लोअरचा डबा बाथरूममध्ये सापडतो. शोला जाताना मात्र त्यातला कणही केसांत राहता कामा नये, ते नियमात बसत नाही. परीक्षकानं थोपटलं आणि पिठाचा ढग उठला तर आटोपलंच.

याहून मोठी गंमत पुढे आहे. मी एकदा मुद्दाम या जातीची प्रमाणित वर्णनं वाचून काढली. सॅमॉयेड पांढरा चालतो, क्रीम चालतो, पांढऱ्यावर बिस्किटी छटा असली तरी चालते. म्हणजे सायबेरियात ज्या लोकांनी हे कुत्रं घडवलं, रेनडियर हाकायला आणि घसरगाड्या ओढायला वापरलं, थंडीत उबेला जवळ घेऊन झोपले, त्यांचं या पिवळट छटेमुळे काहीही अडलं नव्हतं. हे मी तात्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते म्हणाले, "नियमात बसतं हो. डोळ्यात बसत नाही."

त्यातून हा महाराष्ट्र. इथं पांढरं राहणं म्हणजे सगळ्या पंचांगाशी वैर. आषाढात चिखल, भाद्रपदात गुलाल, फाल्गुनात रंग. शो बहुतेक थंडीतले, म्हणून पावसाळ्याला तात्या चातुर्मास म्हणतात आणि कापूरला रेनकोट न् बूट घालून फिरवतात. पण खरा घात केला तो त्यांच्या पुतणीच्या हळदीनं. मांडवातून कापूर परत आला तो मागून पिवळाधमक. तिथल्या एका उत्साही मामेभावानं मदत म्हणून त्याला कपड्यांच्या साबणानं धुतलं. हळदीला साबणाचा क्षार लागला की ती लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातलाच प्रकार. तात्या येऊन बघतात तर कापूरच्या पार्श्वभागी सौभाग्याची निशाणी. तात्यांनी आरडाओरडा केला नाही. साध्या पाण्यानं धुतलं, उरलेली हळद उन्हानं उडते म्हणून कापूरला खिडकीत पाठमोरा बसवला आणि शेजारी खुर्ची टाकली. लग्न लागलं तेव्हा मुलीचे सख्खे काका गैरहजर होते. ते ऊन बघत बसले होते.

पुण्याच्या एप्रिलात बर्फातलं कुत्रं पाळून त्याच्यासाठी दिवसभर एसी चालवणं मला आजही पटत नाही. हौस असावी, पण ती दुसऱ्याच्या अंगावरच्या लोकरीवर नसावी. हे मी तात्यांना सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या बनियनकडे पाहिलं.

तात्या आयुष्यभर कुठे होते हे मला परवापरवा कळलं. रंगाच्या कारखान्यात, शेड जुळवायला. तेही बहुतेक काळ पांढऱ्यावर. लाल चुकला तर गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, म्हणाले. पांढरा चुकला तर दोन भिंती शेजारी आल्या की लगेच भांडण. प्रत्येक घाण्याचा नमुना पत्र्यावर ओढून ते उत्तरेच्या खिडकीशी न्यायचे, मूळ पत्र्याला भिडवून धरायचे, मान कलती करायचे आणि सांगायचे: जरा पिवळट, किंचित निळा वाढवा. त्यांनी मान हलवल्याशिवाय माल डब्यात जात नसे. मग कारखान्यात रंग मोजायचं यंत्र आलं. ते नमुन्यावर टेकवलं की आकडे येतात. "आकडे बरोबरच असायचे," तात्या म्हणाले. "मी चार वर्षं रोज ताडून बघितलं. एकदाही चुकलं नाही हो ते." नंतर त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, तिथून ते निवृत्त झाले. कापूर आणला तो त्याच वर्षी.

मग मला त्यांची रोजची तपासणी जरा निराळी दिसायला लागली. सकाळी ते कापूरची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघतात, हिरड्या बघतात, पंजे उलटे करून बोटांमधले केस बघतात. डोळ्यांच्या पाण्यात आणि लाळेत पॉर्फिरिन असतं, त्याचा पांढऱ्या केसांवर तांबूस डाग पडतो. पंजा तांबूस म्हणजे कुत्रं चाटतंय, चाटतंय म्हणजे खाज आहे. पलीकडच्या बंगल्यातल्या पॉमेरियनच्या डोळ्यांखालचा डाग बघून "हिची अश्रुनलिका तुंबलीये, डॉक्टरला दाखवा" हे तात्यांनीच सांगितलं होतं, कुंपणावरून, कुणी विचारलं नसताना.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, शोच्या आदल्या दिवशी, आम्ही चारजण गेटवर उभे होतो. तात्या ड्रायरची फ्यूज उडाली म्हणून खाली आले होते. वॉचमनमामांनी मीटरच्या खोलीची किल्ली पुढे केली आणि तात्या त्यांच्याकडे बघतच राहिले. मान डावीकडे गेली.

"मामा, डोळे जरा पिवळट आहेत तुमचे."

चेअरमन खो खो हसले. "तात्या, माणसांना तरी सोडा!"

तात्या हसले नाहीत. मामांना उन्हात ओढलं, अंगठ्यानं पापणी खाली केली. "आजचा नाही हा. तीन-चार दिवसांचा आहे. लघवी गडद होतेय का? जेवण जात नाही ना?" मामा ओशाळून मान डोलवत होते. दहा मिनिटांत तात्या त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. कावीळ निघाली, चांगलीच वाढलेली.

वर कापूर अर्धा ओला तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो शोमध्ये त्याच्या जातीत दुसरा आला. सॅमॉयेड दोनच होते.

मामा दीड महिन्यानं कामावर आले. आता रोज सकाळी तात्या गेटपाशी त्यांची पापणी ओढून बघतात आणि "पांढरे" असा शेरा देऊन पुढे जातात. हा शेरा कापूरला आजवर मिळालेला नाही.

आणि आता आमच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचाय. पांढराच, हे ठरलं. ठेकेदारानं पांढऱ्याच्या अकरा छटांचं कार्ड दिलं, ते चेअरमन स्वतः, काहीशा नरमाईनं, तात्यांकडे घेऊन गेले. त्याला तीन आठवडे झाले. परांच्या बांधून तयार आहेत, त्यांचं भाडं दिवसागणिक चढतंय, रंगारी पार्किंगमध्ये पत्ते खेळतायत, आणि तात्यांनी कळवलंय की अकराच्या अकरा जरा पिवळट आहेत, त्यांना उत्तरेकडच्या उजेडात आणखी दोन दिवस लागतील.